गाइडेड वेव्हने पाइपची तपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाइपलाइन सांभाळणारे अभियंते, तपासणीचं काम नव्याने शिकणारी मुलं आणि अहवाल हातात पडल्यावर बुचकळ्यात पडलेली मेंटेनन्सची मंडळी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गाइडेड वेव्ह म्हणजे नेमकं काय?

लांबलचक लोखंडी कठड्याला कान लावा आणि दुसऱ्या टोकाला कुणाला तरी हलकेच ठोकायला सांगा. हवेतून जो आवाज ऐकूही येणार नाही, तो लोखंडातून स्पष्ट येतो, कारण तो चहूकडे न पसरता कठड्याच्या आतूनच वाट काढतो. गाइडेड वेव्हचं तत्त्व हेच आहे. पाइपच्या भोवती सेन्सरांची रिंग बसवतात. ती पाइपच्या भिंतीत एक लहर सोडते आणि भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या पृष्ठभागांमध्ये कोंडलेली ती लहर पाइपच्या लांबीने धावत जाते. वाटेत भिंतीची जाडी बदलली, मग तो वेल्ड असो वा गंज, की लहरीचा काही भाग परत फिरतो. तो यायला लागलेला वेळ आणि लहरीचा वेग यांवरून अंतर निघतं.

पोलादात टॉर्शनल, म्हणजे भिंत पिळत जाणाऱ्या, लहरीचा वेग सेकंदाला सुमारे ३,२६० मीटर असतो. १० मीटरवरच्या दोषाचा प्रतिध्वनी साधारण ६ मिलिसेकंदांत परत येतो.

२. थिकनेस गेज तर आमच्याकडे आहेच. मग हे वेगळं कशासाठी?

थिकनेस गेजचा प्रोब मेगाहर्ट्झमध्ये काम करतो आणि त्याची तरंगलांबी मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणून तो जाडी अचूक सांगतो, पण जिथे टेकवला तेवढ्याच जागेची. गाइडेड वेव्हची वारंवारता साधारण २० ते १०० किलोहर्ट्झ असते. ३० किलोहर्ट्झला टॉर्शनल लहरीची लांबी सुमारे ११ सेंटिमीटर भरते. इतकी मोठी लहर बारीक तपशील दाखवू शकत नाही, पण दूर जाते आणि पाइपचा सगळा घेर एकाच वेळी पाहते.

म्हणजे कामाची वाटणी सरळ आहे: कुठे बघायचं ते गाइडेड वेव्ह सांगते, तिथे किती मिलिमीटर उरलंय ते थिकनेस गेज सांगतो. हे वाटप विसरलं की पुढचे सगळे गैरसमज सुरू होतात. गाइडेड वेव्हच्या अहवालावरून कुणी उरलेलं आयुष्य काढायला बसलं, तर मी त्याला पहिल्यांदा तिथेच थांबवतो.

३. एका जागेवरून किती लांबीचा पाइप तपासता येतो?

जमिनीवरचा, सरळ, रंग दिलेला, सुस्थितीतला पाइप असेल तर दोन्ही बाजूंना २० ते ५० मीटर सहज. अगदी अनुकूल परिस्थितीत त्याहून बरंच लांब. बिटुमेन लावून पुरलेल्या पाइपवर मात्र ५ ते २० मीटरांतच लहर दमते. जाड, चिकट लेप आणि घट्ट दाबलेली माती लहरीची ऊर्जा शोषून घेतात. काँक्रीटमध्ये गाडलेल्या पाइपवर तर काही मीटरांतच सगळं संपतं.

काम ठरवताना कागदावरची सर्वोत्तम लांबी धरून रिंगच्या जागा ठरवू नका. पहिल्या एक-दोन जागांवर प्रत्यक्ष किती लांब दिसतंय ते पाहून पुढच्या जागा ठरवणं शहाणपणाचं. शिवाय वाटेत फ्लँज (दोन पाइप बोल्टने जोडणारी कडी) आला की तपासणी तिथेच संपते, कारण लहर फ्लँजपलीकडे जात नाही.

४. लाइन बंद करावी लागते का?

बहुतेक वेळा नाही, आणि या पद्धतीचं मोठं बळ तेच आहे. टॉर्शनल लहरीत पाइपची भिंत घेराच्या दिशेने पुढे-मागे पिळते. पाणी किंवा पातळ तेल या हालचालीला जवळजवळ अडवत नाही, म्हणून पाइप भरलेला असला तरी लहर फारशी कमजोर होत नाही. पण आत दाट, मेणचट माल असेल किंवा तळाशी गाळाचा घट्ट थर बसला असेल तर ऊर्जा शोषली जाते. जोरात वाहणाऱ्या मालाची आणि पंपांची थरथर आलेखात, म्हणजे अंतरानुसार प्रतिध्वनी दाखवणाऱ्या चित्रात, खडखडाट (नको असलेला आवाज) वाढवते. अशा वेळी एकच माप अनेकदा घेऊन सरासरी काढतात.

तापमानाची मर्यादा रिंगनुसार बदलते. गरम लाइन असेल तर ते आधी सांगा, म्हणजे योग्य रिंग आणता येईल.

५. रिंग बसवायला पाइप किती उघडा करावा लागतो?

इन्सुलेशनचा साधारण अर्धा ते एक मीटर पट्टा, पूर्ण घेरभर. उरलेलं इन्सुलेशन तसंच राहतं. पातळ, घट्ट बसलेला रंग चालतो. सुटलेले पापुद्रे, गंजाची खपली, गुंडाळलेली टेप हे मात्र काढावंच लागतं.

इथे घाई करू नये. पट्टा उघडला की मी आधी पूर्ण घेरावरून हात फिरवतो. खालच्या बाजूला, जिथे डोळा पोचत नाही, तिथेच खपली असते. मग पॉलिश पेपर मारून कापडाने पुसायचं. रिंग वेल्डला खेटून लावायची नाही. पंपाने हवा भरली की रिंगमधली नळी फुगते आणि सेन्सर कोरडेच पाइपवर दाबले जातात. जेल लागत नाही. मग यंत्रावर एकेका सेन्सरगटाची जोडणी तपासायची. एखादा गट कमी दाबला गेला तरी लहर घेरभर सारखी सुटत नाही आणि पुढचा सगळा आलेख गढूळ होतो. शेवटी रिंगचं ठिकाण, प्रवाहाची दिशा आणि 'पुढे' कुठलं ते पाइपवर खडूने लिहून फोटो घ्यायचा. पुढे-मागेची गल्लत झाली, तर दोष आहे त्याच्या बरोबर उलट बाजूचं इन्सुलेशन उघडलं जातं. एकदा माझ्या हातून हे झालं आहे आणि खऱ्या जागेवरचा गंज त्यामुळे आणखी एक पाळी झाकलेलाच राहिला. तेव्हापासून बाणाचं चिन्ह काढल्याशिवाय मी यंत्र सुरू करत नाही.

६. टॉर्शनल लहर वापरायची की लॉन्जिट्यूडिनल?

पोकळ नळीत एकाच वारंवारतेला अनेक प्रकारच्या लहरी धावू शकतात. त्यांचं नेमकं गणित डेनॉस गाझिस यांनी १९५९ साली मांडलं. या ज्ञानावरून पाइप तपासणीची वापरण्याजोगी पद्धत घडली ती पुढे १९९० च्या दशकात, आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या कामाचा त्यात मोठा वाटा होता.

लॉन्जिट्यूडिनल लहर पाइपच्या लांबीच्या दिशेने ताणते-दाबते. तिचा वेग सेकंदाला सुमारे ५,४०० मीटर असतो. पण तिच्यात भिंत थोडी आत-बाहेरही हलते, म्हणून आतल्या द्रवात ऊर्जा गळते. टॉर्शनलमध्ये हे होत नाही. शिवाय टॉर्शनलचा मूळ प्रकार पसरत नाही: सगळ्या वारंवारता एकाच वेगाने जातात, त्यामुळे सोडलेला नेटका ठोका ५० मीटरांनंतरही नेटकाच राहतो. रोजच्या कामात म्हणूनच टॉर्शनल घेतात. एखाद्या संशयास्पद जागेबद्दल दुसरं मत हवं असेल तेव्हा लॉन्जिट्यूडिनल उपयोगी पडते.

७. अहवालात '५ टक्के' लिहिलंय. म्हणजे भिंत ५ टक्के झिजलीये ना? मग काळजी कशाला?

नाही. सगळ्यांत जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हाच आहे. ते ५ टक्के जाडीचे नाहीत. पाइप आडवा कापला तर धातूचं जे वर्तुळाकार कडं दिसेल, त्याच्या क्षेत्रफळाचे आहेत.

हिशेब करून पाहा. ८ इंची पाइप घ्या: बाहेरचा व्यास २१९.१ मिलिमीटर, भिंत ८.१८ मिलिमीटर. कड्याचं क्षेत्रफळ येतं सुमारे ५,४२० चौरस मिलिमीटर आणि त्याचे ५ टक्के म्हणजे सुमारे २७१. एवढा धातू तीन तऱ्हांनी गेलेला असू शकतो. घेरभर सारखी ०.४ मिलिमीटर झीज झाली असेल. किंवा ६६ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यात निम्मी भिंत गेली असेल. किंवा ३३ मिलिमीटर रुंदीचं आरपार भोक असेल. पहिल्यात झोप उडायचं कारण नाही, तिसऱ्यात लाइन गळतेच आहे. टक्केवारी एकच!

पाइप मोठा झाला की फरक आणखी वाढतो. २४ इंची, ९.५३ मिलिमीटर भिंतीच्या पाइपवर निम्म्या खोलीचा दोष ५ टक्के भरायला सुमारे १९ सेंटिमीटर रुंद असावा लागतो. म्हणून मोठ्या व्यासाच्या पाइपवर छोटा आकडा हलका समजू नका. तो दोष घेरात किती पसरलाय याचा अंदाज कसा येतो, ते पुढच्या प्रश्नात आहे.

८. आलेखात काळी आणि लाल अशा दोन रेघा असतात. त्या काय सांगतात?

रंग यंत्रानुसार बदलतील, पण अर्थ हा: एक रेघ घेरभर सारखा परत आलेला प्रतिध्वनी दाखवते, दुसरी वाकवणारा, म्हणजे एका बाजूला जास्त असलेला प्रतिध्वनी दाखवते. वेल्ड घेरभर सारखा असतो, म्हणून त्याच्या जागी काळी रेघ उंच आणि लाल जवळजवळ सपाट. गंज एका बाजूला असेल तर लहर तिथे आपटून वाकडी होते आणि लालही वर येते. लाल जवळजवळ काळीइतकी उंच असेल तर समजा की झीज घेराच्या छोट्या भागात आहे, म्हणजे खोल असण्याची शक्यता जास्त. ७ व्या उत्तरातल्या तीन शक्यतांमधून निवड करायला हाच धागा हाती असतो.

दिसायला नेहमीसारखाच वेल्ड, पण त्याच्या जागी लाल उठलेली, असं दिसलं तर मी ती जागा सोडत नाही. वेल्डच्या प्रतिध्वनीमागे गंज लपलेला असू शकतो.

९. वेल्ड कुठे आहेत हे तपासणीवाले आधी का विचारतात?

कारण आलेखाची मोजपट्टी वेल्डवरून लावतात. फ्लँज किंवा कापलेलं टोक जवळजवळ सगळी लहर परत पाठवतं, त्याला ० डेसिबल (प्रतिध्वनीच्या जोराचं माप) धरतात. साधारण वेल्ड सुमारे २० टक्के, म्हणजे उणे १४ डेसिबल. लहर जसजशी पुढे जाते तशी दमते, म्हणून ओळीने दिसणाऱ्या वेल्डांच्या शेंड्यांवरून उतरती रेघ काढतात. तिच्या १२ डेसिबल खाली, उणे २६ डेसिबलवर, ५ टक्क्यांची रेघ येते आणि सहसा तिच्या वर जे उठतं ते नोंदवतात. आलेखातला खडखडाट त्या रेघेपर्यंत पोचला की त्यापुढचं अंतर तपासलं असं म्हणता येत नाही.

जुन्या ड्रॉइंगवरचे वेल्ड आणि पाइपवरचे वेल्ड यांचा मेळ बसेलच असं नाही. एक तरी वेल्ड डोळ्यांनी पाहून, टेपने मोजून घ्यावा. वेल्डची शीग घासून सपाट केली असेल तर तो फारच कमी दिसतो आणि मोजपट्टी चुकते.

१०. कोणते दोष या पद्धतीला दिसत नाहीत?

पाइपच्या लांबीने गेलेली बारीक भेग जवळजवळ दिसत नाही. ती आडव्या छेदातला धातू कमी करत नाही, म्हणून लहर तिच्या बाजूने निघून जाते. एकटीदुकटी सुईसारखी छिद्रं सुटतात: वरच्या ८ इंची पाइपवर १० मिलिमीटरचं आरपार भोकसुद्धा जेमतेम दीड टक्का भरतं. ताण-गंजामुळे पडणाऱ्या बारीक भेगांसाठी ही पद्धत नाहीच. घेराच्या दिशेने पडलेली मोठी भेग मात्र दिसते.

गंज आतून आहे की बाहेरून, हेही आलेखावरून कळत नाही. भिंत दोन्हीकडून सारखीच पातळ होते.

११. आणि हळूहळू पातळ होत गेलेली भिंत?

हा प्रश्न कमी येतो, यायला हवा जास्त. लहर परत फिरते ती बदल अचानक असेल तर. भिंत मीटर-दोन मीटरांत अलगद ८ मिलिमीटरवरून ५ वर आली असेल, तर लहर उतारावरून घसरल्यासारखी पुढे निघून जाते आणि आलेख स्वच्छ दिसतो. मूळ टॉर्शनल लहरीचा वेग भिंतीच्या जाडीवर अवलंबून नसतो, त्यामुळे वेगावरूनही काही कळत नाही.

कमी वारंवारतेवर पाहिलं तर अशा उतारांचा थोडा जास्त मागोवा लागतो, पण भरवसा ठेवू नका. जिथे सारखी झीज अपेक्षित आहे, तिथे काही ठरावीक ठिकाणी थिकनेस गेजचं माप घ्यावंच. याचीच दुसरी बाजू: दोषाची लांबी पाव तरंगलांबीएवढी असेल तेव्हा प्रतिध्वनी सर्वांत जोरात येतो आणि अर्ध्या तरंगलांबीला दोषाच्या दोन कडांचे प्रतिध्वनी एकमेकांना खातात. म्हणून एकाच वारंवारतेवर समाधान मानणारा तपासणीस चांगला नव्हे. वारंवारता वर-खाली करून प्रत्येक संशयित जागा पाहिलीच पाहिजे.

१२. बेंडच्या पुढचं दिसतं का?

एका बेंडच्या पुढचं दिसतं, पण सावधपणे वाचायचं. बेंडमध्ये पिळणारी लहर काही अंशी वाकणाऱ्या लहरीत बदलते, त्यामुळे बेंडपलीकडच्या वेल्डलाही लाल रेघ उठते आणि ८ व्या उत्तरातली खूण तिथे फसवते. दुसऱ्या बेंडच्या पुढचं मी अहवालात धरत नाही. तिथे रिंग दुसऱ्या बाजूने लावावी.

१३. सपोर्टखालचा गंज सापडेल का? तिथे तर हातच पोचत नाही.

या पद्धतीचा खरा उपयोग इथेच आहे. पाइप नुसता टेकलेला असेल तर सपोर्ट फारसा प्रतिध्वनी देत नाही आणि त्या जागी उठलेली शेंडी गंजाची असण्याची शक्यता मोठी. पाइपला वेल्ड केलेला सपोर्ट मात्र स्वतःच काळी-लाल दोन्ही उठवतो, तीही वारंवारतेनुसार कमी-जास्त. अशा वेळी मी एकाच लाइनवरचे सारखे सपोर्ट शेजारी ठेवून पाहतो. दहांपैकी नऊ एकसारखे दिसतात आणि एक वेगळा, तर आधी तोच उचलून बघायचा. रबर लावून घट्ट आवळलेली क्लॅम्प लहर शोषते. शक्य असेल आणि सुरक्षित असेल तर तपासणीपुरती ती सैल करावी.

१४. रस्त्याखालून जाणारा किंवा जमिनीत शिरणारा पाइप?

दोन्ही बाजूंनी रिंग लावून मध्ये दोन्ही आलेख एकमेकांवर चढतील अशी आखणी करावी. चढले नाहीत तर मधला तुकडा न तपासलेला राहिला, हे स्पष्ट लिहावं. जमीन आणि हवा यांच्या सीमेवर गंज जास्त असतो, आणि नेमकी तिथेच लहरीची अवस्थाही बदलते. म्हणून रिंग सीमेपासून थोडी मागे ठेवावी, म्हणजे ती जागा १५ व्या उत्तरातल्या अंध पट्ट्यात येत नाही. लहर किती जाईल याचा अंदाज ३ ऱ्या उत्तरात.

१५. रिंगच्या अगदी शेजारचं दिसतं का?

नाही. रिंग लहर सोडत असताना ऐकू शकत नाही. ३० किलोहर्ट्झला ६ आवर्तनांचा ठोका ०.२ मिलिसेकंद चालतो, तेवढ्यात लहर ६५ सेंटिमीटर गेलेली असते. त्यामुळे रिंगच्या दोन्ही बाजूंचा थोडा पट्टा, सहसा एक मीटरच्या आतला, अंध राहतो आणि त्यापुढचे दोन-एक मीटर आकार नीट कळत नाही. तो भाग डोळ्यांनी आणि थिकनेस गेजने तपासा, किंवा रिंग सरकवून पुन्हा माप घ्या.

१६. सांगितलेल्या जागी इन्सुलेशन काढलं आणि पाइप नव्यासारखा निघाला. असं का होतं?

आधी आतला गंज आहे का ते थिकनेस गेजने बघा. बाहेरून नवा दिसणारा पाइप आतून खाल्लेला असू शकतो. तोही नसेल तर बहुधा भुताचा प्रतिध्वनी आहे. रिंगमध्ये सेन्सरांच्या एकाहून जास्त ओळी असतात, त्यांच्या साहाय्याने पुढची आणि मागची दिशा वेगळी काढतात. ही विभागणी कच्ची राहिली तर मागे ६ मीटरवर असलेला वेल्ड पुढेही ६ मीटरवर फिका दिसतो. दुसरं कारण: दोन मोठ्या परावर्तकांमध्ये लहर येरझाऱ्या घालते आणि उशिरा पोचलेला प्रतिध्वनी लांबचा दोष वाटतो.

शहानिशा सोपी आहे. रिंग अर्धा मीटर पुढे सरकवा. पुढचा खरा दोष अर्धा मीटर जवळ येईल. मागच्याचं प्रतिबिंब अर्धा मीटर लांब जाईल. हे पाच मिनिटांचं काम टाळून उकरायला सांगणारा तपासणीस लोकांचा विश्वास घालवतो.

१७. अहवाल स्वच्छ होता, तरी सहा महिन्यांत गळती झाली. पद्धत खोटी म्हणायची का?

तीन गोष्टी तपासा. गळतीची जागा अहवालात तपासलेल्या लांबीत होती का? होती तर तिथे खडखडाट किती होता? आणि दोष १० व्या किंवा ११ व्या उत्तरातल्या जातीचा होता का? अनेकदा उत्तर पहिल्याच प्रश्नात सापडतं: गळती दुसऱ्या बेंडच्या पुढे किंवा अंध पट्ट्यात असते आणि तो भाग 'तपासला' असं कुणीतरी गृहीत धरलेलं असतं.

१८. कायमची बसवलेली रिंग जास्त चांगली का?

पुन्हा उकरणं परवडत नाही अशा जागी नक्कीच. एकाच जागेवरून वेळोवेळी घेतलेले आलेख वजा करून पाहिले की सुट्या तपासणीत दिसणार नाही इतका छोटा बदल कळतो. अडचण तापमानाची आहे. पाइप गरम-गार झाला की लहरीचा वेग बदलतो, सगळे प्रतिध्वनी किंचित सरकतात आणि नुसत्या वजाबाकीत नसलेले दोष उठतात. म्हणून तापमानाची दुरुस्ती केल्याशिवाय दोन आलेख एकमेकांवर ठेवू नका.

१९. स्टेनलेस, बिडाचे, प्लास्टिकचे पाइप चालतात का?

स्टेनलेस चालतो. बिडाच्या पाइपचे तुकडे एकमेकांत खोचलेले असतील तर लहर सांध्यापलीकडे जातच नाही. प्लास्टिक लहर फार लवकर शोषतं, तिथे ही पद्धत विसरा.

२०. यासाठी मानकं आहेत का?

आहेत. जमिनीवरच्या पाइपलाइन आणि प्लँटमधल्या पाइपसाठी आयएसओ १८२११. पिझोइलेक्ट्रिक (विजेच्या दाबाने हलणाऱ्या) सेन्सरसाठी एएसटीएम ई२७७५ आणि मॅग्नेटोस्ट्रिक्टिव्ह (चुंबकाने ताणल्या जाणाऱ्या) सेन्सरसाठी एएसटीएम ई२९२९.

२१. अहवाल हातात आला की पहिल्यांदा काय बघू?

दोषांची यादी नंतर. आधी प्रत्येक रिंगच्या जागी दोन्ही दिशांना किती मीटरपर्यंत ५ टक्के दिसत होतं, तो आकडा शोधा. मग लाइनच्या ड्रॉइंगवर पेन्सिलीने तेवढाच भाग रंगवा. फ्लँज, दुसरे बेंड, अंध पट्टे, काँक्रीटमधले तुकडे कोरे राहू द्या. अहवालात हा आकडाच नसेल तर तो परत पाठवा आणि मागून घ्या. रंगवून झालं की कोऱ्या राहिलेल्या तुकड्यांमध्ये कुठे पाणी साचतं, कुठे इन्सुलेशनचं पत्र्याचं आवरण फाटलंय, कुठे पाइप सपोर्टवर घासतोय ते जाऊन प्रत्यक्ष बघा. पुढची रिंग कुठे लावायची ते तिथेच ठरतं.